बोलोन्याच्या वेळापत्रकाने

व्हेनिस आणि फ्लॉरेन्स पाहून झाल्यावर उरलेला मुक्काम आम्ही दोघांनी बोलोन्यात करायचे ठरवले. फ्लॉरेन्सहून वेगवान गाडीने जेमतेम पाऊण तासाच्या आत येथे पोहोचता येते, ही सोय होतीच. पण त्याहून मोठे कारण असे की आपल्याकडच्या सहल कंपन्या हे शहर बहुधा वगळतात. ज्या गावाची भिस्त केवळ पर्यटकांवर नाही, तेथे पाहुण्याला गावाच्या वेळा सांभाळाव्या लागतात, आणि आम्हाला नेमके तेच करून पाहायचे होते.

जुन्या शहरात एक लहान सदनिका भाड्याने घेतली. घरमालकीणबाईंनी आधी पासपोर्ट मागितले, कारण इटलीत प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते. नगरपालिकेचा मुक्काम-कर भाड्याव्यतिरिक्त वेगळा भरला. कचऱ्याचे वर्गीकरण त्यांनी बराच वेळ समजावून सांगितले, आणि त्यावरून एवढे लक्षात आले की आपण हॉटेलात उतरलेलो नाही.

सकाळची सुरुवात कोपऱ्यावरच्या बारमध्ये. बार म्हणजे येथे मुख्यतः कॉफीचे दुकान. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर ठेवायची असते, काही ठिकाणी आधी कॉफी आणि मग पैसे. पुढच्या माणसाकडे पाहिले की पद्धत कळते. कॉफी उभ्यानेच, दोन-तीन घोटांत संपवायची, कारण टेबलाशी बसले की पुष्कळदा दर वाढतो. दुपारनंतर दुधाची कापुचीनो मागणारा माणूस परका आहे हे सर्वांना कळते. कोणी नाही म्हणत नाही, तरी आम्ही काळी एस्प्रेसोच घेऊ लागलो.

भाजीसाठी मेर्कातो देल्ले एर्बे या झाकलेल्या मंडईत जात असू. तेथे फळांना हात लावायचा नाही, हा पहिला नियम. आपल्याकडे आंबा हुंगून आणि दाबून घेण्याची सवय असल्याने तो पाळताना हात आपोआप पुढे जातात आणि मागे घ्यावे लागतात. पण त्याचा फायदाही आहे. पीच मागितले तर विक्रेत्या बाई आधी विचारीत, ‘‘आज खाणार की उद्या?’’ आणि त्यानुसार एकेक फळ निवडून कागदी पिशवीत ठेवीत. आजची वरच्या बाजूस, उद्याची खाली. त्यांची निवड चुकल्याचे मला आठवत नाही. सुपरमार्केटात पद्धत वेगळी: हातमोजा चढवून फळे आपण घ्यायची, वजनकाट्यावर क्रमांक दाबून चिकटपट्टी लावायची आणि मग रांगेत उभे राहायचे.

जेवणाच्या वेळा मात्र काटेकोर आहेत. दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर. या दोहोंच्या मधल्या वेळेत बऱ्याच खाणावळींचे स्वयंपाकघर बंद असते. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लावलेला असतो. तो पाव आणि टेबलाचा आकार, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आम्ही शाकाहारी असल्याने या शहरात थोडी कसरत झाली. पास्त्यावर घालायचा येथला रागू हा रस्सा मांसाचा, तोर्तेल्लिनी या छोट्या भरलेल्या पास्त्याच्या सारणात डुकराचे मांस, आणि ती मांसाच्याच रश्श्यात येते. आमची सोय झाली ती तोर्तेल्लोनी या मोठ्या भावंडामुळे: आत रिकोत्ता चीज, वरून लोणी आणि सेजची पाने. (काटेकोर शाकाहारी मंडळींनी हेही जाणून असावे की पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेट हा दूध गोठवणारा घटक वापरून करतात.)

हा पास्ता करणाऱ्या स्त्रियांना स्फोल्यिना म्हणतात, आणि काही दुकानांच्या काचेतून त्यांचे काम दिसते. अंडी आणि मैद्याचा पिवळा गोळा, हातभरापेक्षा लांब लाटणे, आणि लाटता लाटता फळीच्या कडेवरून खाली ओघळणारी पोळी. ती उजेडात धरली तर पलीकडची बोटे दिसावीत इतकी पातळ झाली की मगच सुरी चालते. ताल्यातेल्ले या लांब पट्ट्यांच्या पास्त्याची रुंदीदेखील १९७२ मध्ये येथील वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवून ठेवली आहे: शिजल्यावर ८ मिलिमीटर. ही गंमत आहे की अभिमान, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

ही सगळी ये-जा पोर्तिकोंखालून होई. बोलोन्यात मिळून सुमारे ६२ किलोमीटर लांबीचे कमानीदार छतमार्ग आहेत आणि २०२१ मध्ये त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. विद्यापीठाची परंपरा १०८८ पासूनची मानतात. विद्यार्थी वाढले, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले गेले आणि त्यांना खालून खांबांचा आधार दिला गेला. आपल्याकडे अशा वाढीव बांधकामावर नोटीस निघाली असती. येथे १२८८ च्या नगरनियमाने नव्या घरांना पोर्तिको सक्तीचा केला. जागा घरमालकाची, देखभालही त्याचीच, पण वाट सर्वांची. पावसाच्या दिवशी छत्री न घेता मंडईपर्यंत जाताना या व्यवस्थेचे मोल कळले.

दुपारी दुकाने मिटली की आम्ही पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकाला लागून असलेल्या सालाबोर्सा या सार्वजनिक ग्रंथालयात बसत असू. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि काचेच्या जमिनीखाली रोमन काळातील अवशेष दिसतात. समोरच्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये मात्र वेळ साधून जावे: १६५५ मध्ये कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने आखलेली, सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा तेथे फरशीवर आहे, आणि छताच्या छिद्रातून येणारा सूर्याचा कवडसा उन्हाळ्यात घड्याळी साधारण सव्वा वाजता ती ओलांडतो. सूर्याचे बारा आणि घड्याळाचे बारा यांतला फरक तेथे डोळ्यांनी दिसतो.

जुळ्या बुरुजांपैकी उंच आझिनेल्लीवर चढायचे मनात होते, परंतु शेजारच्या कललेल्या गारिझेंदाच्या मजबुतीकरणासाठी २०२३ च्या ऑक्टोबरपासून तो बंद झालेला आहे. त्याऐवजी रविवारी, मंडई बंद असताना, सान लूकाची टेकडी चढलो. पोर्ता सारागोत्सा या जुन्या वेशीपासून माथ्यावरच्या चर्चपर्यंत सलग ६६६ कमानींचा, जवळपास ४ किलोमीटरचा पोर्तिको आहे. मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंत सपाटी, पुढे चढ. स्थानिकांपैकी कोणी धावत होते, कोणी कुत्र्याला फिरवत होते, एक आजोबा प्रत्येक वळणावर थांबून आमच्या मागून येत होते आणि तरीही आमच्या आधी वर पोहोचले. चौकातून टेकडीवर पर्यटकांसाठी छोटी रेल्वेसारखी गाडीही जाते, गुडघे दुखत असतील तर ती घ्यावी. मात्र ऑगस्टच्या मध्यावर येण्याचे टाळावे. त्या सुमारास अर्धे शहर सुटीवर जाते, आणि मंडईतल्या त्या बाईही कदाचित गाळ्यावर नसतील.