फोन केला तरच येणारी बस

वेळापत्रकाची बस रिकामी असली तरी धावते. फोनवर बोलवायची बस बुकिंग नसेल तर जागची हलत नाही. म्हणून ती स्वस्त पडत असेल असं वाटतं. तसं नसतं. तुरळक वस्तीत एका गाडीला तासाला पाच-सहा प्रवासी मिळाले तरी खूप झालं. ड्रायव्हरचा पगार चुकत नाही, वर फोन घेणारा माणूस लागतो. फिनलंडमधल्या हेलसिंकीची कुत्सुप्लुस ही अशीच बोलावली तरच येणारी सेवा १५ मिनीबसवर चालायची. लोकांना आवडायची, पण खर्च झेपेना म्हणून २०१५ च्या अखेरीस बंद झाली.

सगळी मदार फोन घेणाऱ्यावर. ‘किती वाजता निघायचंय?’ असं विचारलं की प्रवासी सवयीने लवकरची वेळ सांगतो आणि ती गळ्यात पडते. त्यापेक्षा ‘तिथे किती वाजेपर्यंत पोहोचायचंय?’ असं विचारावं. साडेदहाचं काम असेल तर पावणेदहा चालेल का, हे तिथल्या तिथे ठरतं, आणि शेजारच्या वस्तीतला दुसरा प्रवासी त्याच फेरीत बसतो. अशी घासाघीस फोनवर पटकन होते. अॅपवर लोक सरळ दुसरी वेळ निवडतात. सोबत किती जण, व्हीलचेअर आहे का, परत कधी यायचंय, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्यावं. परतीचं बुकिंग राहिलं की संध्याकाळी माणूस अडकून पडतो.

वेळ नेमकी देऊ नये. ‘९:४० ते ९:५५ च्या दरम्यान थांब्यावर या’ असं सांगावं. थेट गेलं तर १५ मिनिटांचा रस्ता असेल, तर वळसे धरून २५ मिनिटं गृहीत धरावीत. चढ-उताराला माणशी एक-दीड मिनिट पुरतं. व्हीलचेअर चढवून पट्टे आवळायला पाच मिनिटं सहज जातात. हा वेळ न धरल्यामुळेच दुपारपर्यंत गाडी अर्धा तास मागे पडते, आणि मग दोष ड्रायव्हरला.

घरापर्यंत न जाता ठरलेल्या थांब्यांवरच गाडी थांबवली तर वळसे पुष्कळ कमी होतात. ज्यांना चालवत नाही, त्यांच्यापुरती दारापर्यंतची सोय ठेवावी.

बुकिंग करून न येणारे फार महागात पडतात. निघण्याआधी ड्रायव्हरने फोन करावा, थांब्यावर तीन मिनिटं थांबावं आणि कंट्रोल रूमला कळवून पुढे जावं. बुकिंग रद्द करायची मुदत मात्र तासाभराचीच ठेवा; आदल्या दिवशीची अट घातली तर कुणी कळवतच नाही.