आमची वाटचाल : साडेसहा मिलिमीटरचा हिशेब

पुण्यात जुन्या सायकलीची फ्रेम शोधावी लागत नाही, ती वाड्याच्या जिन्याखाली पडलेलीच असते. नसली तर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार आहेच. जुन्या सायकली नव्याने बांधणारा आमचा कारखाना (म्हणजे दोन शटर आणि मागे पत्र्याची शेड) अशा अकरा फ्रेमांवर सुरू झाला. बहुतेक अ‍ॅटलास आणि हर्क्युलस, एक आसनसोलची सेन-रॅले. पहिल्या सहा वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सायकली झाल्या, गेल्या, भाडं निघालं.

लोक फ्रेम घेताना बॅज बघतात. आम्ही सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी करतो आणि काय पडतं ते बघतो. पावसाचं पाणी सीटच्या नळीतून उतरून बीबीच्या घरात (पायडलांचा एक्सल फिरतो त्या तळाच्या नळीत) साठतं, त्यामुळे लाल भुगा पडणारच. पापुद्रे पडले तर मात्र ती फ्रेम भंगारात. मग दोरा. मागच्या चाकाचा एक्सल ज्यांत बसतो त्यातल्या एका पट्टीपासून निघून हेडच्या (हँडल बसतं त्या) नळीला वळसा घालून दुसऱ्या पट्टीला ताणून बांधायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. तीन मिलिमीटरच्या वर फरक म्हणजे फ्रेम वाकलेली. शेवटी हेडच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाला बोट फिरवायचं. कधीतरी समोरून ठोकर बसली असेल तर तिथे सुरकुती असते. रंगाखाली ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते.

खोलताना पहिला खून कॉटर पिनचा, म्हणजे क्रँक (पायडलाचा दांडा) एक्सलवर धरून ठेवणाऱ्या पाचरीचा होतो. क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा टेकवा, नट पिनच्या टोकाशी सपाट येईल इतका सैल करा, आदल्या रात्री तेल सोडा आणि एकच घाव घाला. दहा हलके घाव घातले की पिनचं डोकं पसरतं, मग ड्रिलशिवाय सुटका नाही. बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर पायडलं एका रेषेत येत नाहीत. नट आवळून पिन आत ओढू नका, आटे जातात. पिन ठोकून बसवायची, नट फक्त धरून ठेवतो. तीसेक किलोमीटर चालवली की पुन्हा ठोकून आवळायची. हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर त्याला वाटतं, काम कच्चं आहे.

बीबीचा उजवा कप (छर्रे धरणारी वाटी) उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. आत पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा. बहुतेक फ्रेमांना इंचाला २४ आटे असतात, पण इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेला २६. त्यात २४ चा कप जोर लावून फिरवला तर दीड फेरा छान जातो, मग अडकतो आणि तोवर घराचे आटे गेलेले असतात.

आता त्या चोवीस सायकली. समुद्रकाठच्या एका रिसॉर्टची ऑर्डर होती : सगळ्या एकसारख्या, गडद हिरव्या, सोनेरी लाइनिंग (बारीक रेघा) आणि क्रीम रंगाचे टायर. आपल्या सायकलीचा २८ दीडचा (२८ गुणिले दीड इंची) टायर गल्लीतल्या कुठल्याही दुकानात मिळतो, पण काळा. क्रीम टायर हाताशी होता तो ७०० सी या थोड्या लहान मापाचा. २८ दीडच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, ७०० सीचा ६२२. फरक तेरा, त्रिज्येत साडेसहा. आम्हाला वाटलं, साडेसहाने काय होतंय.

रॉड ब्रेकची रबरं रिमला हबच्या बाजूने दाबतात. त्यासाठी रिमला वेस्टवूड नावाच्या घडणीची गोल कड लागते, ती ७०० सीला नाही. म्हणून रॉड काढून कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ब्रेक) लावले. रिम साडेसहाने खाली गेल्यामुळे रबर खाचेत तळाला नेऊनही अर्धं टायरवरच राहिलं. लांब हाताचे कॅलिपर हवे होते, आम्ही आणले मध्यम. ट्रायलला ब्रेक लागत होते. तिकडे उतारावर रबरांनी टायरच्या बाजू खाल्ल्या आणि दीड महिन्यात ट्यूबा फुटायला लागल्या. चोवीसच्या चोवीस सायकली टेम्पोतून परत आल्या, उरलेलं बिल अडकलं. चूक आमची होती, ते आम्ही तेव्हाही मान्य केलं.

पण ज्या दुकानदारांनी ही बातमी पेठापेठांत पोहोचवली त्यांच्याबद्दलही नाव न घेता सांगतो. ते नवी फ्रेम आणतात, काळा रंग, तपकिरी सीट, पितळी घंटी, झाली 'व्हिंटेज'. आमच्या निम्म्या दरात. आमच्याबद्दल म्हणायचे, गंजक्या लोखंडाला रंग फासतात. लाइनिंगचा आमचा नमुना मात्र आजही त्यांच्या मडगार्डवर आहे, स्टिकरमध्ये.

शटर ओढायची वेळ आली तेव्हा एक निवृत्त मास्तर रिक्षातून तीन फ्रेमा घेऊन आले आणि पूर्ण पैसे आधी ठेवले. त्यांची वडिलोपार्जित सेन-रॅले आम्हीच केली होती. तेव्हा रॉड ब्रेक काढू का विचारलं तर म्हणाले होते, "अहो, मग ती माझी सायकल राहील का?" या वेळी त्यांनी टेबलावरचा व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) उचलून आमच्यापुढे सरकवला. बोलले काहीच नाहीत.

चोवीसही सायकली पुन्हा बांधल्या. ७०० सीच्या रिमा आणि हब ३६ भोकांचे होते, ते सगळे बाद. पुन्हा २८ दीडच्या रिमा, पुढे ३२ भोकांची, मागे ४० ची, म्हणजे सायकलीला ७२ आरे, एकूण १,७२८. महिनाभर शेडमध्ये आरे भरणं आणि चाकांचा आऊट (वाकडेपणा) काढणं, दुसरं काम नाही. टायर काळेच गेले.

तेव्हापासून फ्रेम आली की आधी तिची मापं खडूने भिंतीवर, मग रंगाची चर्चा. मागच्या पट्ट्यांतलं अंतर ११० मिलिमीटरच्या आसपास असताना १३० चा हब ताणून बसवा म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. पट्ट्या तिरक्या होतात आणि एक्सल वाकतो. गिअर हवेच असतील तर स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब बघा, तो थोड्या फरकाने बसतो. पावडर कोटिंगला देताना बीबीत जुने कप अडकवून द्या, नाहीतर आट्यांत पावडर भाजून बसते. सीटपोस्टला ग्रीस लावा. कुणी लावत नाही.

मास्तरांच्या तीनपैकी दोन सायकली झाल्या. तिसरी अजून टांगलेलीच आहे. नॉटिंगहॅमची रॅले, २६ आट्यांची, आणि डावा कप कुठे मिळत नाही. कुणाच्या जिन्याखाली असेल तर कळवा.