तिसरी वाटी

तिसरी वाटी संपवून मी ती पालथी घालणार, तोच आजींनी ती पुन्हा भरली.

चीनमधल्या ग्वांग्शीतील लोंगजीच्या भातखाचरांमधून उतरताना पावसाने गाठले आणि ओळखदेख नसताना या च्वांग समाजातल्या आजींनी मला हाताला धरून आपल्या लाकडी घरात, चुलीजवळ नेऊन बसवले. आले आणि चहाची पाने तेलात परतून, कुटून, मीठ घालून उकळलेला तो कडवट चहा; वर चक्क कुरमुरे! (पहिला घोट अवघड गेला, हे कबूल करतो.)

निघताना मी मोबाईलवर भाषांतर करून विचारले, "किती पैसे द्यायचे?" त्यांनी डोळे बारीक करून ते वाचले, मोठ्याने हसल्या आणि चुलीतले भाजलेले रताळे माझ्या खिशात कोंबले.

इतक्या पाहुणचारानंतर मला नेमका तोच प्रश्न का सुचला असावा?