सव्वाबाराची बस

मी कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस महामंडळाचा माणूस. महामंडळ १९८० साली सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांनी मी कंडक्टर म्हणून लागलो आणि शेवटची सतरा वर्षं स्टँडवरच्या कंट्रोलरच्या केबिनमध्ये काढून निवृत्त झालो. आता महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी, आणि मधे जमेल तेव्हा सकाळी, एका सरकारी हॉस्पिटलात जातो. पगार नाही. गळ्यात 'स्वयंसेवक' लिहिलेलं कार्ड आहे. त्याचा उपयोग एकच, सिक्युरिटीवाला अडवत नाही.

लोकांना वाटतं आम्ही फळं वाटतो. आम्ही सहा जण आहोत आणि आमचं काम म्हणजे रुग्णाला आणि घरच्यांना इथे काय खुपतं ते बघून साहेबांना सांगणं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २००८ साली कायदाच करून प्रत्येक हॉस्पिटलला असं मंडळ नेमायला लावलं, हे आमच्यातल्या निवृत्त मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स, प्रत्येक नवख्याला सांगतात. आपल्याकडे रोगी कल्याण समिती नव्वदच्या दशकात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात सुरू झाली आणि २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर देशभर पोचली. पण तिथल्या बऱ्याच खुर्च्या पदामुळे भरतात. आमच्या खुर्च्या प्लास्टिकच्या, रेकॉर्ड सेक्शनच्या बाजूच्या खोलीत, आणि त्यातली एक मोडकी. तिच्यावर कोण बसणार हे उशिरा कोण येतो त्यावर ठरतं.

बैठकांबद्दल फार लिहीत नाही. एका सभासदाला दर वेळी वेटिंग हॉलमध्ये टीव्ही हवा असतो. 'फ्लेबॉटमी' हा बोर्ड काढून तिथे 'रक्त इथे द्या' असं लिहायला आम्हाला पाच महिने लागले. तोवर लोक त्याच बोर्डाखाली उभे राहून रक्त कुठे घेतात ते विचारत होते.

माझा विषय डिस्चार्ज. तो मला हॉस्पिटलात सापडला नाही, केबिनमध्ये सापडला. संध्याकाळी साडेसात-आठला स्टँडवर एक जोडपं येई. हातात बालदी, बालदीत थर्मास आणि ताट-वाटी, काखेत गुंडाळलेली चटई, आणि एक्स-रेचं मोठं पाकीट. बालदी बघितली की मी ओळखायचो, ही आज सुटलेली माणसं. आणि मीच त्यांना सांगायचो, वाळपईची शेवटची गेली. पुढच्या गावाची तर त्याच्याही आधी. गोव्यात रात्र पडली की खाजगी बसवाले प्रवासी नाहीत म्हणून फेरी रद्द करतात हे इथल्या कुणाला सांगायला नको. पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या मागे टाके घातलेला माणूस बसवून चाळीस किलोमीटर नेणार कोण? टॅक्सीचं भाडं ऐकून बाई पदराची गाठ सोडायची आणि परत बांधायची. मग बाकावर चटई. मी लाइट चालू ठेवायचो, एवढंच.

म्हणून समितीत आल्यावर पहिलं काम केलं ते वॉर्डाच्या दारात वही घेऊन उभं राहण्याचं. जशी गाडीची वेळ लिहायची तशी माणसांची लिहिली. राउंडवर मोठे डॉक्टर दहा वाजता म्हणतात, "आज घरी." त्या क्षणी नातेवाईक बालदी भरायला घेतात. पण डिस्चार्जची समरी, म्हणजे आजार-उपचारांचा कागद, लिहायची इंटर्नने, आणि इंटर्न तेव्हा रक्ताचे नमुने पाठवत असतो. सही करायची सीनिअरने, ते ओपीडीत. ओपीडी संपते दीड-दोनला. मग फार्मसीची रांग, मग शिक्का मारणारा क्लार्क जेवायला. दहाला सुटलेला माणूस साडेचार-पाचला फाटकाबाहेर. गाडी वेळेवर सुटायची असेल तर वेबिल, म्हणजे कंडक्टरचा फेरी-तिकिटांच्या हिशोबाचा कागद, आदल्या रात्री तयार लागतं, हे डेपोतला कालचा पोरगाही सांगेल. इथे गाडी फलाटाला लागल्यावर ड्रायव्हर शोधायची पद्धत.

मी तक्ता मांडला. लांबच्या गावाचा रुग्ण असेल तर केस पेपरच्या कोपऱ्यात त्याच्या बसची वेळ लिहायची, समरी आदल्या संध्याकाळी करून ठेवायची, औषधं वॉर्डातच द्यायची, आणि बारापर्यंत माणूस मोकळा. सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे, प्रत्येकाची दुपारची गाडी मी तोंडपाठ सांगितली. मेडिकल सुपरिंटेंडेंट आधी हसले, मग म्हणाले, दोन वॉर्डांत करून बघू. करून बघितलं आणि चाललं. केस पेपरवर लाल पेनाने '१२.१५ वाळपई' असं लिहिलेलं पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला जे वाटलं ते पेन्शनच्या पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आता त्या दिवसाचं.

जूनचा दुसरा आठवडा, पाऊस लागलेला. मेडिसिन वॉर्डात वाळपईच्याही पलीकडल्या गावचा एक साठीचा गृहस्थ होता. हृदय कमजोर, पायांना सूज, छातीत पाणी. बारा दिवसांनी बरा होऊन घरी निघाला होता. सोबत फक्त बायको. ती रोज मला विचारायची, "भाई, आमकां बस मेळटली मू?" मी म्हणायचो, मी आहे ना.

पावणेबाराला मी तिथे हजर. औषधांची पिशवी आलेली, कागद तयार. इंटर्न मुलगी पलंगाशी उभी राहून समजावत होती. ती आदल्या सकाळपासून ड्युटीवर होती, डोळे लाल. पाणी किती प्यायचं ते तिने सांगितलं, मीठ कमी म्हणाली, मग लघवीच्या, म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळीची पट्टी उचलून म्हणाली, "ही महत्त्वाची, ही दिवसातून..." आणि मी घड्याळ बघून म्हटलं, "डॉक्टर, कागदावर लिहिलंय ना सगळं? यांची गाडी चुकेल."

तिने पट्टी पिशवीत टाकली. "हो, लिहिलंय." बाईला विचारलं, "समजलं?" बाई म्हणाली, "हय."

मी बालदी उचलली. गाडी फलाटाला होती, कंडक्टर माझ्या ओळखीचा, त्याने पुढची सीट दिली. बारा सोळाला गाडी हलली. मी वहीत बरोबरची खूण केली.

नवव्या रात्री १०८ने त्याला परत आणलं. मला कळलं शनिवारी, वॉर्डात शिरल्यावर. तोच पलंग नव्हे, समोरचा. नाकाला ऑक्सिजन, पाय पुन्हा खांबासारखे. बायको स्टुलावर, पायाशी तीच बालदी. मला बघून ती उठून उभी राहिली, आणि मला ते आवडलं नाही.

तिने औषधांची पिशवी बरोबर आणली होती. मी गोळ्या मोजायला घेतल्या. कंडक्टरची सवय ही, उरलेली तिकिटं मोजायची म्हणजे विकली किती ते कळतं. लघवीच्या गोळीच्या दहा-दहाच्या तीन पट्ट्या दिल्या होत्या. दिवसाला दोन, पंधरा दिवसांच्या तीस. नऊ दिवसांत अठरा जायला हव्या होत्या, बारा उरायला हव्या होत्या. दोन पट्ट्या न फोडलेल्या, तिसरीत चार. चोवीस उरल्या होत्या. म्हणजे सहा गेल्या. मी परत मोजल्या, परत सहा.

"बाय, ही गोळी कशी देत होतीस?"

तिने कागद काढला, चार घड्या घातलेला, आत बसचं तिकीट जपून ठेवलेलं. कागदावर गोळीच्या नावापुढे लिहिलं होतं, १-१-०. तिने बोट ठेवून वाचलं, "एक, एक, शून्य. दोन दीस दिवप, तिसऱ्या दिसा ना." पहिला दिवस एक, दुसरा दिवस एक, तिसरा दिवस सुट्टी. नऊ दिवसांत तीन वेळा ते चक्र तिने एकही दिवस न चुकवता फिरवलं होतं. सहा गोळ्या. हिशोब अगदी जुळला.

डॉक्टर लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ सकाळी एक, दुपारी एक, रात्री नाही. रात्री यासाठी नाही की माणूस रात्रभर लघवीला उठत बसेल. हे मला त्या दिवशी कळलं. आणि खरं सांगतो, मला कुणी तो कागद न सांगता दिला असता तर मी काय वाचलं असतं? आमचा ड्युटी चार्ट असाच असायचा. दोन दिवस गाडीवर, तिसऱ्या दिवशी वीकली ऑफ. मीही तेच वाचलं असतं. १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा निघाली. तेव्हापासून इथे डॉक्टर घडताहेत, आणि तीन आकड्यांची ओळ आडवी वाचायची की दिवसांची, हे अजून कागदावर छापलेलं नाही.

मिठाचंही तसंच. तिने आमटीत मीठ निम्मं केलं होतं, स्वतःही अळणी खात होती. पण जूनपासून जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद, ताजी मासळी नाही, घरात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं खारं. रोज जेवताना भाजलेला सुका बांगडा. तो मिठात येतो हे तिच्या डोक्यातच नव्हतं, कारण तो मासा. आहाराच्या छापील कागदावर लिहिलेलं होतं, चीज, सॉस आणि चिप्स टाळा. त्या घरात आजवर चीज शिरलेलं नाही. हा कागद कुठून उतरवला आहे ते मी शोधलं नाही, पण गोव्यात बसून लिहिलेला नाही एवढं नक्की.

मी तिला विचारलं, त्या दिवशी डॉक्टरना का विचारलं नाहीस?

"तुमी घायेंत आशिल्ले, म्हणून विचारूंक ना." आणि वर तीच म्हणाली, चूक तिची, मी तर बस मिळवून दिली.

त्याच दिवशी बैठक होती. मी सगळं सांगितलं, माझं बोलणं धरून. एक सीनिअर डॉक्टर म्हणाले, "अडाणी लोक, काय करणार." मला राग आला, कारण ती बाई मराठी चौथी शिकलेली आहे आणि तिने आकडे बरोबर वाचले होते. टीव्हीवाले सभासद म्हणाले, टीव्हीवर माहितीपट लावता येईल. सुपरिंटेंडेंट म्हणाले, बाराचा नियमच घाईला कारण दिसतो, तूर्त थांबवू. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २०१८ची रुग्ण हक्कांची सनद दारातल्या भिंतीवर लावलेली आहे, सतरा हक्क, चांगली फ्रेम. समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क त्यात आहे. फ्रेमची काच मीच पुसायला लावली होती.

मी नियम वाचवायला बोललो, आणि बोलताना मला कळेना की मी पेशंटच्या बाजूने बोलतोय की माझ्या तक्त्याच्या. बस चुकली असती तर ती दोघं रात्री बाकावर, पण गोळी बरोबर. बस मिळाली, गोळी चुकली. पण जुन्या पद्धतीत साडेचारला सुटणाऱ्यांना तरी कोण नीट सांगत होतं? तेव्हाही कागदावर १-१-०च असायचं. किती जण परत आले असतील ते कुणी मोजलेलंच नाही. हे मी स्वतःला समजावतो आणि मग ते "ही दिवसातून..." आठवतं. ते वाक्य मी तोडलं. पुढचे दोन शब्द होते, 'दोन वेळा'. दोन शब्दांना किती वेळ लागतो?

शेवटी मेट्रन बोलल्या. आम्हा सगळ्यांत त्यांनाच काम येतं, बाकी आम्ही हौशी. त्या म्हणाल्या, बस राहू दे, कंट्रोलरना पलंगापासून लांब ठेवा. सगळे हसले, मीही. मग त्यांनी सांगितलं की 'समजलं?' हा प्रश्नच विचारायचा नाही. डॉक्टरने विचारलं की आपला माणूस 'हय'च म्हणणार, दुसरं उत्तर त्याला उद्धटपणा वाटतो. विचारायचं असं, "घरी गेल्यावर ही गोळी कशी देणार, मला करून दाखव." चुकली तर परत सांगायचं, परत दाखवायला लावायचं. त्यांच्या नोकरीच्या काळात हे त्या स्वतःहून करत, कुठल्या फॉर्ममध्ये नव्हतं, म्हणून त्यांच्याबरोबर निवृत्त झालं.

नियम राहिला. आकड्यांच्या जागी सकाळ, दुपार, रात्र असे तीन चौकोन असलेला शिक्का बनवून मिळाला, दोन वॉर्डांपुरता, माझ्या खिशातून. आहाराच्या कागदावर 'खारं, सुकी मासळी, लोणचं' हे पेनाने लिहितात, छापून कधी येईल ते बघू.

तो गृहस्थ आठ दिवसांनी पुन्हा सुटला. केस पेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने तीच वेळ. इंटर्न तीच होती, यावेळी झोपून आलेली. तिने स्टूल ओढलं, गोळ्या चादरीवर मांडल्या आणि बाईला म्हणाली, दाखव. बाईने पहिल्यांदा सकाळ-दुपार बरोबर लावलं आणि दुसरी गोळी रात्रीवर ठेवली. परत. मग बरोबर. मग वजनाचं, रोज सकाळी करायचं, पण घरी काटा नाही, तर रेशनच्या दुकानातल्या काट्यावर चालेल का यावर पाच मिनिटं. मग खाऱ्याचं, त्यावर नवराच पहिल्यांदा बोलला, आणि त्याने बराच वाद घातला.

मी दाराशी उभा होतो, बालदी हातात. सव्वाबाराची गेली. मी घड्याळाकडे बघितलं नाही असं लिहायला आवडलं असतं. दोनदा बघितलं.