मारुती कुठला, रस्ता कुठला

आमच्या गल्लीच्या तोंडाला पत्र्याचा एक बोर्ड आहे. पिवळ्यावर काळी कन्नड अक्षरं. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. लग्न होऊन इकडे बेळगाव तालुक्यात आले तेव्हा कन्नडचा 'क' येत नव्हता, आता बावीस वर्षांनी बोर्ड वाचता येतो. निम्मे शब्द तर आपलेच. 'अंदाजु मोत्त' म्हणजे अंदाजे रक्कम, 'गुत्तिगेदार' म्हणजे गुत्तेदार, आणि 'अनुदान' दोन्हीकडे अनुदानच. फसवलं ते फक्त 'कामगारी' या शब्दाने. मला कितीतरी दिवस वाटायचं, पंचायतीने आपली कामगिरी लिहून ठेवली आहे. तिचा अर्थ नुसता 'काम' एवढाच.

तर त्या कामगारीची म्हणजे आमच्या सी.सी. (सिमेंट काँक्रीटच्या) रस्त्याची रक्कम बोर्डावर ४,८५,००० आहे. दुसऱ्याच पावसाळ्यात सिमेंट धुऊन गेलं आणि खडी वर आली. दूधवाल्याची गाडी घसरली, तेव्हा सगळी गल्ली दोन दिवस बोलली आणि तिसऱ्या दिवशी गप्प झाली. मी गप्प राहू शकले नाही. त्यात धाडस वगैरे काही नाही, सवयीचा दोष आहे. मी एका क्रेडिट सोसायटीत हिशेब लिहिते. अकरा रुपयांचा फरक आला तरी संध्याकाळी सातपर्यंत बसून तो शोधायचा, हे अंगात मुरलेलं. म्हटलं, एवढ्या पैशाचा जमाखर्च बघूया तरी. ह्यांनी चहा पिता पिता विचारलं, "आणि बघून काय करणार?" उत्तर नव्हतं.

आधी ई-ग्रामस्वराज उघडलं. केंद्राचं हे पोर्टल २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून गावात काय करायचं ठरलं, ते त्यात दिसतं. त्यात आमच्या गावची कामं सापडली. मग माहिती अधिकाराचा अर्ज केला. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो. कन्नडमधून तो आमच्या सोसायटीतल्या अक्कांनी लिहून दिला. त्या माझ्याहून मोठ्या, त्यांची मायबोली कन्नड, आणि आमची भांडणं फक्त डब्यातल्या भाजीवरून होतात. दोन रुपये पान, ३८ पानं, ७६ रुपये.

कागद आले, पण हिशेब कळेना. एक यादी सीडीवर होती. त्यातला मजकूर उचलून एक्सेलमध्ये टाकला तर कन्नडच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. आपल्याकडे श्रीलिपीत टाइप केलेली जुनी पत्रिका उघडल्यावर जे होतं, तेच. बाकीची पानं तिरक्या स्कॅनची. डोळ्यांना दिसतात, पण बेरीज करता येत नाही. चार कागद पुढ्यात टाकणं म्हणजे हिशेब देणं नव्हे, हे कुठल्याही कारकुनाला विचारा.

शेवटी अक्का वाचत गेल्या आणि मी लिहीत गेले. खरी अडचण तिथे निघाली. आराखड्यात आमचं काम 'मारुती देवळाजवळचा सी.सी. रस्ता' या नावाने होतं. निविदेच्या कागदावर 'हनुमंत देवस्थान', बिलाच्या यादीत 'आंजनेय गुडी', गुडी म्हणजे देऊळ. गावात मारुतीची देवळं दोन, जुनं वेशीवरचं आणि नवं आमच्या गल्लीच्या मागचं. त्या वर्षी सी.सी. रस्ते किती, तर नऊ. २,१०,००० चं बिल कुठल्या मारुतीचं आणि १,९८,४०० चं कुठल्या, हे अक्कांना सांगता येईना, मला येईना, आणि पंचायतीतल्या पोराला तर त्याहून नाही. पैसे कुणी खाल्ले असं मी म्हणत नाही. खाल्ले की नाही हे बघायलाच जागा ठेवलेली नाही, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या धंद्यात हे दुखणं कधीच बरं झालंय. पाठवायच्या पैशाला नुसतं 'खानापूर शाखा' लिहून चालत नाही. एक खानापूर आमच्या जिल्ह्यात, एक सांगलीकडे विट्याजवळ. म्हणून आयएफएससीची अकरा अक्षरं. गुत्तेदाराचं नाव कुणी 'पाटील', कुणी 'पाटिल' लिहू दे, पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर एकच. तो २९ ने सुरू झाला की माणूस कर्नाटकातला, २७ ने झाला की महाराष्ट्रातला. (सीमावाद दोन आकड्यांत मिटवणारं हे एकच खातं मला माहीत आहे.)

माझा धाकटा भाऊ चंदगडहून फोनवर सांगतो, "ताई, आमचा रस्ता ३०५४ मधून झाला." त्याला त्या आकड्याचा अर्थ माहीत नाही, पण आकडा पाठ आहे. ३०५४ हे रस्ते-पुलांच्या महसुली खर्चाचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातलं खातं, भांडवली असेल तर ५०५४. ही मुख्य शीर्षं सगळ्या राज्यांना एकच. म्हणजे सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे पैशाची भाषा आधीपासून एक आहे. ती मंत्रालयातून निघते आणि गल्लीच्या बोर्डापर्यंत येता येता कुठेतरी गळून पडते.

बाहेर यावर बरंच काम झालंय. सरकारी कंत्राटांची माहिती कशी मांडायची याचं 'ओपन कॉन्ट्रॅक्टिंग डेटा स्टँडर्ड' २०१४ मध्ये आलं. मला त्यातली आवडलेली गोष्ट एकच. नियोजन, निविदा, निवड, करार आणि प्रत्यक्ष काम, या पाचही टप्प्यांना एकच क्रमांक. युक्रेनची प्रोझोरो ही सरकारी खरेदीची व्यवस्था याच पद्धतीने माहिती उघडी करते. आपल्याकडे २०१२ चं राष्ट्रीय डेटा धोरण आहे, आणि गावागावाला कोड देणारी लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीही आहे. तो कोड आणि कामाचा नंबर प्रत्येक कागदावर लिहा, एवढंच मागणं. नाहीतर काय होतं बघा. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. एका सरकारी फाइलमध्ये मी जुन्या इंग्रजी नावाने, 'बेलगाम' (Belgaum) असं शोधलं तर २०१४ नंतरचा जिल्हाच गायब! चिकोडी तालुक्याचा खर्चही मध्येच घसरलेला दिसतो. कारण काय, तर निपाणी तालुका वेगळा झाला.

कागद मराठीतून मिळावेत ही आमच्याकडची जुनी मागणी आहे, आणि ती माझीही आहे. पण ती पुरी होईपर्यंत आकडा तरी द्या. तो अक्का कन्नडमध्ये वाचतील, मी मराठीत.

यंदाच्या जमाबंदीला मी गेले. इकडे जमाबंदी म्हणजे शेतसारा नव्हे, पंचायतीच्या वर्षभराच्या कामांची आणि हिशेबाची लोकांसमोर तपासणी. हॉलमध्ये बायका आम्ही तिघी. मी उठून म्हटलं, "साहेब, आराखड्यातला कामाचा नंबर बिलावरबी घाला आणि बोर्डावरबी." पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, वर बघितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "वैनी, रस्त्याला काय आधार कार्ड काढायचं हाय?" सगळे हसले, मीही हसले. मग पीडीओंनी वहीत काहीतरी लिहिलं.

गेल्या आठवड्यात खालच्या गल्लीत गटाराचं काम निघालं. बोर्ड लागला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत नंबर! मी उभ्या उभ्या मोबाइलवर ताडून बघायला लागले. पेंटरने शेवटचा आकडा ओला असताना हात लावलाय. १ आहे की ७, कळत नाही. उद्या दुपारच्या सुट्टीत पंचायतीत जाऊन विचारणार आहे.