चांदीची पट्टी आणि क्लेमची खिडकी

आईची भाजलेली पोटरी जूनमध्येच भरून आली. विम्याचे पैसे मिळाले दिवाळीच्या तोंडावर.

आंघोळीच्या पाण्याचं पातेलं उतरवताना फडकं निसटलं. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावल्या. मी त्यांना अडवलं आणि आईचा पाय २० मिनिटं नळाखाली धरला. दोन दिवस ॲडमिट, मग ओपीडीत दर पाच दिवसांनी ड्रेसिंग. आईला सल्फा औषधांची ॲलर्जी, त्यामुळे भाजल्यावर नेहमी लावतात ते पांढरं सिल्व्हर सल्फाडायझीन क्रीम बाद. डॉक्टरांनी नॅनो सिल्व्हरचं, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं ड्रेसिंग लिहून दिलं. त्यातली चांदी हळूहळू सुटत राहते, जंतूंना वाढू देत नाही, आणि जखम रोज उघडावी लागत नाही. महाग, पण आई कण्हली नाही.

कण्हलो मी, अंधेरीच्या क्लेम ऑफिसात.

"काका, पट्टी-कापूस कन्झ्युमेबलमध्ये, वापरून फेकायच्या वस्तूंत जातं. पास होत नाही."

"अहो, यात औषध आहे."

"बिलात 'ड्रेसिंग मटेरियल' लिहिलंय ना?"

लिहिलं होतं खरं. परत परळला जाऊन केमिस्टकडून नाव, साइज, बॅच नंबर घालून बिल दुरुस्त करून घेतलं. दुसऱ्या फेरीला, "हेच ड्रेसिंग का, डॉक्टरांचं पत्र आणा." डॉक्टर आठवडाभर गावाला. पत्र चार ओळींचं : दुसऱ्या डिग्रीचं भाजणं, सल्फा ॲलर्जी, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी. (ॲलर्जी डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्या, ही फेरी वाचेल.) तिसऱ्या फेरीला, "पाकिटांवरचे स्टिकर?" चारपैकी तीन पाकिटं मी कचऱ्यात टाकली होती. चौथं आईच्या कपाटात निघालं, साड्यांच्या घडीत. "चांदी आहे म्हणालास ना," म्हणाली. त्या एका पाकिटावर चारही पट्ट्या मंजूर झाल्या.

आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचाच खर्च धरतात, तुमचीही बघून ठेवा. आणि हो, आमची पट्टी निर्जंतुक पाण्यानेच ओली करायची होती. सलाइनमधल्या मिठाने चांदी बांधली जाते. गल्लीतल्या दवाखान्यात सिस्टर सलाइनची बाटली फोडणारच होत्या, माहितीपत्रक दाखवलं तेव्हा थांबल्या.

पट्टीच्या कडेला कातडी काळपट दिसली तर माझ्यासारखा रात्री अकराला डॉक्टरांना फोन करू नका, तो चांदीचा डाग असतो, जातो. ताप, घाण वास, वाढती लाली असेल तर मात्र लगेच करा.