हाडांचे औषध थांबवताना: कोणते, कधी आणि कोणाचे

आईने हाडांच्या ठिसूळपणावर (ऑस्टिओपोरोसिस) ॲलेन्ड्रोनेटची आठवड्याची ७० मिलिग्रॅमची गोळी पाच वर्षे नेमाने घेतली. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवे न होता बसून राहायचे. तोवर चहासुद्धा नाही. पाच वर्षांनंतर डॉक्टरांनी गोळी काही काळ थांबवायला सांगितली, तेव्हा इतकी वर्षे सांभाळलेले सगळे वाया जाणार की काय, अशी धास्ती तिला वाटली.

ही धास्ती अनाठायी होती, कारण ॲलेन्ड्रोनेट ज्या गटात मोडते, ती बिस्फॉस्फोनेट औषधे हाडांतील खनिजाला चिकटून राहतात आणि गोळी बंद केल्यावरही त्यांचा प्रभाव काही काळ टिकतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लेक्स या अमेरिकी अभ्यासात सुमारे पाच वर्षे ॲलेन्ड्रोनेट घेतलेल्या स्त्रियांपैकी काहींना ते पुढे चालू ठेवले आणि काहींना औषधविरहित गोळी दिली. पुढील पाच वर्षांत लक्षणे दिसून निदान झालेली मणक्यांची फ्रॅक्चर्स औषध घेणाऱ्यांत २.४ टक्के, तर न घेणाऱ्यांत ५.३ टक्के होती. इतर हाडांच्या फ्रॅक्चरमध्ये मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे औषधाला दिलेली अशी विश्रांती अगदीच निर्धोक नाही. म्हणूनच मणका आधी दबलेला असेल, खुब्याचे हाड मोडलेले असेल किंवा खुब्याचा टी-स्कोर (निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेत हाडांची घनता सांगणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहूनही खाली असेल, तर डॉक्टर सहसा औषध पुढे चालू ठेवतात.

मग थांबवायचेच कशाला? दीर्घकाळ औषध घेतल्यावर क्वचित मांडीचे हाड विशेष मार न लागताही मोडू शकते आणि त्याआधी कित्येकदा मांडीत किंवा जांघेत दुखू लागते. हे दुखणे वयाचे समजून कोणी अंगावर काढू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. जोखीम कमी असलेल्या रुग्णांत गोळ्यांनंतर साधारण पाच वर्षांनी आणि याच गटातील झोलेड्रोनिक ॲसिडच्या वार्षिक सलाइननंतर तीन वर्षांनी विश्रांतीचा विचार होतो, तो यासाठीच. आईचे कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि व्यायाम चालूच आहेत. दोन वर्षांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आहे आणि मध्येच फ्रॅक्चर झाले किंवा उंची घटलेली दिसली, तर त्याआधीच औषधाचा फेरविचार होईल.

आईची गोळी थांबल्याचे ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या, "मग मीही यंदाचे इंजेक्शन राहू देते." मी तेव्हाच त्यांची फाइल मागून पाहिली, तर त्यांना दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब दिले जात होते, आणि ही विश्रांती त्या औषधाला मुळीच लागू नाही. डेनोसुमॅब हाडात साठून राहत नाही. इंजेक्शन चुकले की दाबून ठेवलेली हाडांची झीज उसळून वाढते, वर्षा-दोन वर्षांत कमावलेली घनता बरीचशी जाते आणि काही रुग्णांत एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. मी काकूंना त्याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडे नेले. इंजेक्शन ठरल्या तारखेलाच घ्यायचे, महिनाभराहून अधिक लांबवायचे नाही आणि पुढे कधी ते बंद करायचे ठरलेच, तर त्याच्या जागी बिस्फॉस्फोनेट सुरू करायचे, असे डॉक्टरांनी त्यांच्या फाइलीच्या पहिल्याच पानावर लिहून दिले.